उयुनीचं मीठ आणि लीपेसचे ज्वालामुखी : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बोलिव्हियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं मिठाचं मैदान आहे, सालार दे उयुनी. त्याच्या दक्षिणेला चिलीच्या सीमेपर्यंत सुद लीपेसचा ओसाड मुलूख पसरला आहे. तिथे ज्वालामुखी, लाल-हिरवी तळी, फ्लेमिंगो आणि वाळू याखेरीज फारसं काही नाही. हे दोन्ही मिळून जीपने तीन दिवस-दोन रात्रींत बघायची पद्धत पडली आहे. फोटो तर ढिगाने सापडतात. पण मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याने आधी कुठे उतरायचं, कुठल्या बाजूने सुरुवात करायची, शाकाहारी माणसाने खायचं काय आणि परतताना विमानतळावर कोणता कागद मागतात, हे एका जागी मिळत नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. उयुनीचं मैदान ३,६५६ मीटरवर आहे आणि दुसऱ्या रात्री तुम्ही ४,३०० मीटरच्या आसपास झोपणार असता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. तेव्हा विमानाचं तिकीट, मार्ग, दिवस, जेवण, सगळं या उंचीला विचारून ठरवायचं.

१. आधी महिना ठरवा

तिथले ऋतू आपल्या उलट. साधारण जानेवारी ते मार्च पावसाळा. मिठावर काही सेंटिमीटर पाणी साचतं आणि त्यात आभाळ उतरतं, तो प्रसिद्ध आरसा. पण पाणी जास्त असलं की गाड्या आत जात नाहीत, मैदानाच्या मधलं इंकावासी बेट हुकतं आणि दक्षिणेचे रस्ते चिखलाने अडू शकतात. मे ते नोव्हेंबर कोरडा काळ. तेव्हा आरसा नाही, पण मिठाची षटकोनी नक्षी क्षितिजापर्यंत दिसते आणि सगळीकडे जाता येतं.

जून ते ऑगस्ट कडक हिवाळा. रात्री पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो, बर्फ पडला की घाटही बंद होतात. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर हिवाळ्याची सुरुवात मिळेल. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर हवा कोरडी आणि रात्री त्या मानाने सुसह्य. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला दिवाळीची सुट्टी धरा. आरशाच्या मोहात फेब्रुवारीत जाऊन निम्मी सहल रद्द झालेले लोक उयुनीच्या बसस्टँडवर हमखास भेटतात.

२. कागदपत्रं

सुरुवात पिवळ्या तापाच्या लसीपासून करा. बोलिव्हिया भारत सरकारच्या पीतज्वर-देशांच्या यादीत आहे. तिथून परतताना लसीचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मिठाच्या मैदानावर एवढ्या उंचीला हा ताप पसरवणारा डास नसतो, पण नियम देशाला लागतो, डोंगराला नाही. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. तिथले वार ठरलेले असतात, आधी नोंदणी करावी लागते आणि पासपोर्ट सोबत न्यावा लागतो. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं आणि मग जन्मभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

जवळ ठेवायचे कागद असे :

– किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट आणि त्याच्या झेरॉक्स
– बोलिव्हियाचा व्हिसा, चिलीत उतरणार असाल तर चिलीचाही
– पिवळ्या तापाचं मूळ कार्ड
– हॉटेलची बुकिंग, परतीचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट
– प्रवास विमा, उंचीची अट वाचून घेतलेला
– औषधांची डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, ट्रान्झिट. मुंबईहून बोलिव्हियाला थेट विमान नाही. अमेरिकेवरून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ब्राझीलवरून जाताना दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर यावं लागतं आणि मग ब्राझीलच्या व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा, सामान शेवटपर्यंत परस्पर जाईल असा.

दुसरं, विम्याची बारीक अक्षरं. पुष्कळ स्वस्त पॉलिसी ठरावीक उंचीच्या वर हात झटकतात. तुम्ही जीपमध्ये बसून का होईना, ४,९०० मीटरला जाणार आहात. तो आकडा पॉलिसीत बसतो का, हे लेखी विचारून घ्या.

व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे ‘सीमेवर मिळतो म्हणे’ या भरवशावर निघू नका. बोलिव्हिया आणि चिली यांच्यातली हितो काहोनची चौकी म्हणजे ४,४०० मीटरच्या वर, वाऱ्यात उभ्या असलेल्या दोन-चार खोल्या. तिथे कागद अपुरा निघाला तर मागे-पुढे दोन्हीकडे गाव नाही.

३. चढायचा क्रम

ला पाझ शहराचा विमानतळ, एल आल्तो, ४,०६१ मीटरवर आहे. समुद्रकाठच्या माणसाने रात्रभर प्रवास करून थेट तिथे उतरायचं आणि संध्याकाळी उयुनीची बस धरायची, हा कागदावर सगळ्यात छोटा आणि प्रत्यक्षात सगळ्यात वाईट मार्ग.

त्याऐवजी बोलिव्हियातल्याच सांताक्रूझला उतरा (मुंबईचं नव्हे). ते शहर जेमतेम चारशे मीटरवर आहे. एक दिवस झोप भरून काढा. मग सुक्रेला जा, साधारण २,८०० मीटर. तिथे तीन रात्री काढा. शहर पांढऱ्या इमारतींचं, हवा छान, कंटाळा येत नाही. पुढे बसने पोतोसी, ४,००० मीटरच्या थोडं वर. तिथला सेर्रो रिको हा चांदीचा डोंगर एकेकाळी स्पेनचा खजिना भरत होता. दम लागत असला तर पोतोसीत मुक्काम न करता नुसतं थांबून पुढे निघा, कारण उयुनी पोतोसीपेक्षा थोडं खाली आहे. उयुनीत एक पूर्ण दिवस हातात ठेवा आणि मगच जीपमध्ये बसा.

सह्याद्रीत दर रविवारी ट्रेक करणारे इथे जास्त गोत्यात येतात. दमसास चांगला म्हणून ते जोरात चालतात. उंचीचा त्रास तंदुरुस्ती बघून होत नाही. रोज पहाटे धावणारा आडवा पडतो आणि त्याची मावशी मजेत फोटो काढत असते. पहिले दोन दिवस जिना चढताना मध्ये थांबा, पोटभर जेवू नका, दारू नको, पाणी थोडं थोडं पण सतत प्या. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का, किती, कधीपासून, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तसं आवर्जून सांगा. गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

४. दिशा : उयुनीकडून सुरुवात

हीच सहल चिलीच्या सान पेद्रो दे आताकामाहूनही करता येते आणि पुष्कळ जण करतात. नकाशावर दोन्ही सारखंच. पण सान पेद्रो २,४०० मीटरवर आहे. तिथून सकाळी निघालात तर त्याच दिवशी ४,९०० मीटरच्या गरम झऱ्यांपर्यंत जाता आणि ४,३०० मीटरवर झोपता. उयुनीकडून निघालात तर पहिली रात्र ३,७०० मीटरच्या आसपास, दुसरी ४,३००, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यात उंच ठिकाणाला शिवून थेट खाली सान पेद्रोला. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो आणि सगळ्यात अवघड भाग संपला की उतार लागतो.

सान पेद्रोकडूनच यायचं असेल तर तिथे दोन-तीन दिवस थांबून एल तातियोचे गरम झरे (४,३२० मीटर) पाहून या. दिवसा वर, रात्री खाली. मग निघा.

५. उयुनीत जीप ठरवणं

गाव छोटं, थंड आणि धुळीचं. बसमधून पाय खाली टाकताच टूरवाले घेरतात. घाई करू नका. सकाळी तीन-चार कार्यालयांत जाऊन बसा. सगळे एकच नकाशा दाखवतात, एकच मार्ग सांगतात, भावात थोडाफार फरक. किमतीपेक्षा हे विचारा :

– गाडीत किती माणसं? सहा प्रवासी आणि ड्रायव्हर हे नेहमीचं. सात म्हणाले तर उठा.
– प्रत्येक सीटला चालू पट्टा आहे का? गाडी बघायला मागा. मिठाने गाड्या खालून गंजतात. टायर आणि जादा चाक डोळ्यांनी पाहा.
– ऑक्सिजनचं सिलिंडर सोबत असतं का?
– दोन्ही रात्री कुठे, अंथरुण-पांघरुण काय, वीज किती तास?
– सान पेद्रोला सोडण्याची गाडी भाड्यात धरली आहे का?
– शाकाहारी जेवणाचं पावतीवर लिहून देता का?

जे कबूल करतील ते पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्दाचा उपयोग नाही, कारण एका कार्यालयात पैसे भरता आणि दुसऱ्याच कंपनीच्या गाडीत बसवतात, हे तिथे सर्रास चालतं. इंग्रजी बोलणारा वाटाड्या हवा असेल तर जास्त पैसे पडतात. साध्या टूरमध्ये ड्रायव्हरच स्वयंपाकी, मेकॅनिक आणि गाइड, आणि तो स्पॅनिशच बोलतो. मला हेच बरं वाटतं. हातवाऱ्यांनी भागतं आणि मुख्य म्हणजे तो रात्री दारू पीत नाही ना, एवढं बघितलं की बाकी जमतं.

स्वतः गाडी घेऊन मिठावर जायचा विचार मनातून काढा. मैदानाच्या कडेला मीठ पातळ असतं, खाली खारट चिखल, आणि खुणा नसतात.

रोख बोलिव्हियानो उयुनीतच काढून ठेवा. पुढे एटीएम नाही. इंकावासी बेटाचं आणि एदुआर्दो आवारोआ राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क सहसा टूरच्या भाड्यात नसतं. स्वच्छतागृह, गरम पाण्याची अंघोळ, कुंडात उतरणं, सगळ्याला सुटे पैसे लागतात. डॉलर न्यायचे तर कोरे, न फाटलेले. कोपरा दुमडलेली नोटसुद्धा परत करतात.

६. सामान

थंडीचे थर घ्या : आत थर्मल, मग फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. हातमोजे, कानटोपी, लोकरी मोजे. स्लीपिंग बॅग उयुनीत भाड्याने मिळते, घ्याच.

गॉगल चांगल्या प्रतीचा, बाजूनेही झाकणारा. मिठावरून ऊन खालून वर येतं. त्यामुळे जिथे आपण कधी मलम लावत नाही तिथे भाजतं : हनुवटीच्या खाली, कानांच्या पाळ्यांमागे, आणि नाकपुड्यांच्या आत. नाकपुडी भाजली की पुढचे चार दिवस शिंकायचीही भीती वाटते. सनस्क्रीन तिथेही लावा. ट्यूबचं झाकण उघडताना तोंडापासून लांब धरा, कारण बाहेरचा दाब कमी असल्याने मलम आपोआप भसकन बाहेर येतं. चिवड्याची पाकिटंही याच कारणाने टम्म फुगतात. ती बॅगेत तळाशी कोंबू नका.

ओठांना कोकमतेलासारखं दुसरं काही नाही. थंडीत गोळा दगड होतो, खिशात अंगाजवळ ठेवा. नाक कोरडं पडून रक्त येतं, त्यासाठी सलाइनचे थेंब. मिठावर पाणी असेल तर साध्या चपला हव्यात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडा, नाहीतर खारट पाणी वाळून कडा इतक्या कडक होतात की पोटऱ्या सोलतात.

मोबाइल-कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत झरझर उतरतात. रात्री स्लीपिंग बॅगेत आपल्यासोबत घ्या. मुक्कामी वीज संध्याकाळी काही तासच असते, तेव्हा पॉवर बँक भरलेली न्या. आपला दोन गोल पिनांचा प्लग सहसा बसतो, तीन पिनांचा बसत नाही. प्रत्येकी पाच लिटरचा पाण्याचा कॅन उयुनीत घ्या.

७. खाणं

नुसतं ‘शाकाहारी’ सांगितलं तर ताटात चिकन येतं, कारण बऱ्याच जणांच्या लेखी मांस म्हणजे गाय आणि लामा (उंटाच्या कुळातला तिथला पाळीव प्राणी). तीन गोष्टी वेगळ्या सांगा : ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे लाल मांस, कोंबडी आणि मासे नकोत. अंडं चालत असेल तर तेही आधीच सांगा, तुमचं आणि स्वयंपाक्याचं दोघांचं काम सोपं होतं. किन्वा हे या भागातलंच पीक, त्याचं सूप सगळीकडे मिळतं आणि खरंच चांगलं असतं.

४,३०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजत नाही, भात कडक राहतो, चहाही फिका वाटतो. तयार पोहे-उपम्याची पाकिटं नेणार असाल तर गरम पाण्यात नेहमीपेक्षा दुप्पट वेळ झाकून ठेवा. भडंग, चिवडा, दशम्या असं कोरडं जरूर न्या, पण चिलीच्या सीमेआधी संपेल इतकंच (कारण नवव्या मुद्द्यात).

८. तीन दिवस कसे जातात

पहिला दिवस. गावाबाहेर आगगाड्यांची दफनभूमी. खनिजं प्रशांत किनाऱ्यावर न्यायला १९व्या शतकाच्या अखेरीस इथे रेल्वे आली, तिची गंजलेली इंजिनं उघड्यावर पडली आहेत. पंधरा मिनिटं पुरे. मग कोल्चानी गाव, जिथे फावड्याने मीठ ओढून त्याचे छोटे ढीग वाळत घालतात. पेण-उरणकडची मिठागरं पाहिलेल्याला ते ढीग ओळखीचे वाटतील. त्यापुढे मैदान. मीठ पायाखाली करकर वाजतं. षटकोनांच्या कडा बोटभर उचललेल्या असतात. वाकून पाहिलं तर त्या कडांवर मिठाचे ताजे, ओलसर दाणे दिसतात, कारण खालचं खारं पाणी भेगांतून वर येऊन तिथे सुकत राहतं. खेळण्यातला डायनासोर मोठा आणि माणूस छोटा दिसणारे फोटो काढायचे असतील तर कॅमेरा जमिनीला टेकवा, खेळणं जवळ, माणूस लांब. इंकावासी बेटावर माणसाच्या कैक पट उंच निवडुंग आहेत. चढ छोटा आहे पण सावकाश चढा. सूर्यास्त होताच तापमान कोसळतं, जॅकेट गाडीच्या टपावर बांधलेल्या बॅगेत ठेवू नका.

दुसरा दिवस. हा सगळ्यात लांब आणि मला सगळ्यात आवडणारा. धूर सोडणारा ओयाग्वे ज्वालामुखी (५,८६८ मीटर) लांबून दिसतो. मग एकामागून एक तळी : कान्यापा, एदिओंदा. जगातल्या फ्लेमिंगोंच्या सहा जातींपैकी तीन इथे राहतात. पक्ष्यांच्या जवळ धावत जाऊ नका, उडायला त्यांची फार शक्ती जाते आणि ड्रायव्हरही रागावतो. सिलोलीच्या वाळवंटात वाऱ्याने कोरलेलं दगडाचं झाड. शेवटी लागुना कोलोरादा. तिचा लाल रंग पाण्यातल्या शेवाळांचा आणि गाळाचा, मधली पांढरी बेटं बोरॅक्सची. दुपारी वारा सुटतो, टोपीला दोरी लावा. या रात्री झोप लागत नाही. डोकं जरा उंच ठेवून पडा, श्वास मोजत बसू नका.

तिसरा दिवस. पहाटे चार-साडेचारला निघायचं. सोल दे मान्याना ४,८०० मीटरच्या वर आहे. उकळत्या चिखलाची कुंडं आणि वाफेचे लोट. कठडे नाहीत, पाट्या नाहीत. कडेची माती वरून वाळलेली आणि खाली पोकळ असते. इतरांच्या पायांचे ठसे आहेत तिथूनच चाला. पुढे पोल्केसच्या गरम कुंडात उतरा, पण दहा-पंधरा मिनिटंच. जास्त वेळ बसलात तर उठताना गरगरतं. मग लागुना व्हेर्दे आणि तिच्यामागे लिकांकाबूर (५,९१६ मीटर). तळं हिरवंगार दिसायला वारा लागतो. सकाळी पाणी शांत असेल तर ते मळकट दिसेल, त्यात ड्रायव्हरचा दोष नाही. चिलीला जाणारे इथून सीमेवर उतरतात. बाकीच्यांना उयुनीपर्यंत सात-आठ तासांचा परतीचा प्रवास असतो.

उंची लागली तर काय करायचं, हे आदल्या रात्रीच माहीत हवं. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं हे बहुतेकांना होतं. विश्रांती, पाणी, साधी वेदनाशामक गोळी आणि आणखी वर न जाणं. पण बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालता येईना, बोलणं असंबद्ध झालं, तर थांबायचं नाही, खाली जायचं. आणि इथेच या प्रदेशाची अडचण आहे. लडाख-हिमालयात दोन तासांत दरीत उतरता येतं. हे पठार आहे, शंभर किलोमीटर गेलात तरी उंची तेवढीच. लागुना कोलोरादाहून जवळचा खरा उतार म्हणजे सान पेद्रो, आणि रात्री सीमा बंद असते. म्हणून सोबत्याचं डोकं संध्याकाळी जास्त दुखत असेल तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. ड्रायव्हरला त्याच वेळी सांगा. ऑक्सिजन लावून सहाही जणांचा कार्यक्रम मोडावा लागला तरी चालेल.

९. सीमा आणि परतीचा प्रवास

चिली शेतमालाच्या बाबतीत अतिशय कडक आहे. फळं, बिया, सुका मेवा, मध, कडधान्यं, घरचा मसाला, काहीही जवळ असेल तर फॉर्मवर ‘हो’ लिहा. लिहून दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड. सामान खरंच उघडून बघतात. उरलेला चिवडा शेवटच्या मुक्कामी ड्रायव्हरला देऊन टाका, आवडतो त्यांना.

तिथल्या उन्हाळ्यात चिलीचं घड्याळ बोलिव्हियापेक्षा एक तास पुढे असतं, पुढची बस धरताना लक्षात ठेवा. सान पेद्रोला उतरल्यावर अंगात एकदम जोर येतो. तिथून विमानासाठी कालामा गाठायचं, बसने साधारण दीड-दोन तास.

पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, भारतात उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच विचारतात. आणि कोकाच्या, म्हणजे ज्यापासून कोकेन बनतं त्या झुडपाच्या, पानांचं : बोलिव्हियात ती चघळणं आणि त्यांचा चहा पिणं कायदेशीर आहे, उंचीवर तिथले लोक रोज घेतात, तुम्हीही प्या. पण भारताच्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान येतं. चहाच्या त्या हिरव्या पुड्या दुकानात सुंदर दिसतात, मैत्रिणीला भेट म्हणून घ्याव्याशा वाटतात. घेऊ नका. खिशात, पर्समध्ये, जॅकेटच्या आतल्या कप्प्यात राहिलेली एखादी पुडीसुद्धा सीमेच्या अलीकडे काढून टाका.